सर्वाधिक सायटेशन मिळालेला शोधनिबंध कोणाचा? आईनस्टाईन नाही, डीएनएवाले वॉटसन-क्रिकही नाहीत!

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर एक ठरावीक पोस्ट फिरू लागते. 'आपल्या कॉलेजच्या प्राध्यापकांचा जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांमध्ये समावेश!' खाली हार घातलेला फोटो, हात जोडलेल्या इमोजी आणि अभिनंदनाच्या कमेंट्स. काही पोस्टमध्ये 'सायटेशन ३ हजार, एच-इंडेक्स २८' असे आकडेही असतात.

आकडे मोठे दिसतात, त्यामुळे माणूसही मोठा असणार असं आपण धरून चालतो. पण हे आकडे नेमकं काय मोजतात?

उत्तर शोधायचं तर या आकड्यांच्या शर्यतीत सगळ्यात पुढे कोण आहे, ते आधी बघू. तिथे ना आईनस्टाईन आहेत, ना डीएनएची रचना शोधणारे वॉटसन आणि क्रिक. तिथे आहेत ऑलिव्हर लाउरी नावाचे एक अमेरिकन जैवरसायनशास्त्रज्ञ. त्यांना नोबेल मिळालं नाही, आणि ज्या शोधनिबंधामुळे ते या यादीत पहिले आले, तो काही फार थोर आहे असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं.

आधी हे सायटेशन प्रकरण समजून घेऊ

शास्त्रज्ञ आपलं संशोधन शोधनिबंध म्हणजे रिसर्च पेपरच्या रूपात जर्नलमध्ये छापतात. पेपर लिहिताना आधीच्या ज्या ज्या कामाचा आधार घेतला, त्याचा उल्लेख करावा लागतो. पद्धत कुणाची वापरली, माहिती कुठून घेतली, कुणाचं म्हणणं खोडलं, हे सगळं शेवटच्या यादीत येतं.

या यादीतला एक उल्लेख म्हणजे त्या जुन्या पेपरला मिळालेलं एक सायटेशन. तुमच्या पेपरचा उल्लेख ५० वेगवेगळ्या पेपरमध्ये झाला, तर तुमची सायटेशन ५०.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सायटेशन म्हणजे लाइक नव्हे. एखाद्या पेपरमधली चूक दाखवण्यासाठी त्याचा उल्लेख केला, तरी मोजणीत तो एकच धरला जातो. यंत्र फक्त उल्लेख मोजतं, तो कशासाठी केला हे बघत नाही.

कोण होते ऑलिव्हर लाउरी?

लाउरी यांचा जन्म १९१० चा, शिकागोचा. शिकागो विद्यापीठातून १९३७ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी आणि डॉक्टरेट अशा दोन्ही पदव्या मिळवल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते न्यूयॉर्कमध्ये पोषणावर काम करत होते. शरीरात कोणत्या जीवनसत्त्वाची कमतरता आहे, हे बोटातून काढलेल्या रक्ताच्या काही थेंबांवरून कसं ओळखता येईल, हा त्यांचा तेव्हाचा प्रश्न होता.

अगदी कमी नमुन्यातून अचूक मोजमाप करणं हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास झाला. १९४७ मध्ये ते सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात औषधशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. पुढे मेंदूतल्या एकेका पेशीतली रसायनं मोजण्यापर्यंत त्यांनी मजल मारली. एवढा बारीक नमुना तोलायचा कशावर? त्यासाठी क्वार्ट्‌झच्या तंतूचे अतिसूक्ष्म तराजू त्यांनी वापरात आणले.

शास्त्रज्ञ म्हणून त्यांची खरी ओळख या कामातून व्हायला हवी होती. पण आकड्यांनी त्यांना ओळख दिली ती दुसऱ्याच एका पेपरमुळे.

त्या पेपरमध्ये होतं तरी काय?

१९५१ मध्ये 'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री'मध्ये लाउरी यांनी रोझब्रो, फार आणि रँडल या तीन सहकाऱ्यांसोबत अकरा पानांचा एक पेपर छापला. विषय एवढाच होता: द्रावणात प्रोटीन किती आहे, हे कसं मोजायचं?

यात नवं कुठलं प्रोटीन सापडलेलं नव्हतं, कुठल्या रोगाचं कारणही कळलेलं नव्हतं. होती ती फक्त पद्धत. स्वयंपाकाच्या पुस्तकातल्या पाककृतीसारखी: हे इतकं घ्या, ते तितकं घाला, इतकी मिनिटं थांबा.

पद्धत अशी. प्रोटीनच्या द्रावणात आधी अल्कली आणि तांबं असलेलं मिश्रण घालायचं. तांबं प्रोटीनच्या साखळीला जाऊन चिकटतं. मग त्यात फोलिन अभिकर्मक नावाचं पिवळसर रसायन टाकायचं. प्रोटीन असेल तर द्रावण निळं होतं. प्रोटीन जितकं जास्त, तितका निळा रंग गडद. या रंगाची तीव्रता यंत्रावर मोजायची, माहीत असलेल्या प्रमाणाशी ताडून बघायची की उत्तर मिळालं.

ज्या ओटो फोलिन यांच्या नावानं हे रसायन ओळखलं जातं, ते हार्वर्डचे. लाउरी यांच्या पेपरच्या कितीतरी आधी ते आणि व्हिन्टिला चोकाल्त्यू यांनी हे रसायन सुधारून १९२७ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. तांब्याची अभिक्रियाही जुनीच होती. लाउरी यांनी कोणतं द्रावण किती प्रमाणात आणि किती वेळ ठेवायचं याची घडी नीट बसवली आणि पद्धतीत कुठे गडबड होऊ शकते हेही सांगितलं. वेगवेगळ्या प्रोटीनमुळे येणारा रंग सारखाच नसतो, ही मर्यादा त्यांनी पेपरमध्येच नोंदवली होती.

बदल्यात मिळालं काय? फक्त तांब्यावर चालणाऱ्या जुन्या बाययुरेट पद्धतीपेक्षा ही पद्धत सुमारे १०० पट संवेदनशील होती. म्हणजे अगदी थोड्या नमुन्यावरही काम भागत होतं.

आकडा पोहोचला कुठवर?

२०१४ मध्ये 'नेचर' या जर्नलनं सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या १०० पेपरची यादी प्रसिद्ध केली. लाउरी यांचा पेपर पहिल्या क्रमांकावर होता आणि त्याची सायटेशन होती ३,०५,१४८.

हा आकडा किती मोठा आहे? त्या वेळी त्या माहितीसाठ्यात सुमारे ५ कोटी ८० लाख नोंदी होत्या. 'नेचर'नं एक कल्पना मांडली. प्रत्येक पेपरचं फक्त पहिलं पान छापून एकावर एक रचलं, तर ढीग किलिमांजारो पर्वताएवढा होईल. त्यात हजारपेक्षा जास्त सायटेशन असलेले पेपर फक्त वरच्या दीड मीटरमध्ये मावतील. आणि जवळपास अर्धा पर्वत अशा पेपरचा असेल, ज्यांना एक सायटेशन मिळालं किंवा तेही मिळालं नाही.

यादीतला दुसरा आणि तिसरा क्रमांकही प्रोटीनशी संबंधित पद्धतींचाच आहे. दुसरा पेपर उलरिच लेमली यांचा, १९७० चा. प्रोटीनचं मिश्रण जेलमध्ये विजेच्या साहाय्यानं वेगळं करण्याची त्यांची पद्धत आजही प्रयोगशाळांमध्ये रोज वापरली जाते. गंमत म्हणजे त्या पेपरचं शीर्षक एका विषाणूच्या डोक्याच्या जडणघडणीबद्दल आहे. पद्धत त्यात ओघानं आलेली, पण लोकांनी उचलली ती पद्धतच! तिसरा पेपर मॅरियन ब्रॅडफर्ड यांचा, १९७६ चा. तोही प्रोटीन मोजण्याचाच, फक्त लाउरी यांच्या पद्धतीपेक्षा झटपट.

मग डीएनएचा पेपर कुठे आहे?

वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडली. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या शोधांपैकी हा एक. 'नेचर'च्या २०१४ च्या मोजणीत त्या पेपरची सायटेशन होती सुमारे ५,२००. पहिल्या शंभरात यायला मात्र १२ हजारांहून अधिक सायटेशन लागत होती. म्हणजे डीएनएचा पेपर शंभरातही नाही आणि लाउरी यांचा पेपर त्याच्या जवळपास ५९ पट पुढे.

विश्वाचं प्रसरण वेगानं होत असल्याचं दाखवणारं, नोबेल मिळालेलं संशोधनही त्या शंभरात नव्हतं.

याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण वापराचं. प्रोटीन मोजण्याची गरज कुणाला पडते? यकृतावर काम करणाऱ्याला, गव्हावर काम करणाऱ्याला, जिवाणूंवर, कॅन्सरवर, दुधावर काम करणाऱ्यालाही. प्रत्येक जण पेपरमध्ये एक ओळ लिहितो, 'प्रोटीनचं प्रमाण लाउरी पद्धतीनं मोजलं', आणि सायटेशन देतो. पद्धत एक, पण गिऱ्हाइकं हजारो.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. एखादा शोध फारच मोठा ठरला की लोक त्याचा उल्लेख करणंच सोडून देतात. डीएनए दुहेरी सर्पिल आहे, हे लिहिताना आज कुणी १९५३ च्या पेपरचा हवाला देत नाही. ते सगळ्यांनाच माहीत असतं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराचं वर्णन करून ठेवलंय. शोध ज्ञानात इतका मुरतो की त्याचा मूळ उल्लेखच पुसला जातो. म्हणजे कमी सायटेशन हे कधीकधी फार मोठं यश मिळाल्याचंही लक्षण असू शकतं.

लाउरी यांनाही हे कळत होतं. पद्धत इतरांपेक्षा थोडी सोपी आणि थोडी संवेदनशील आहे, आणि हल्ली जवळपास प्रत्येकालाच प्रोटीन मोजावं लागतं, एवढाच खुलासा त्यांनी केला होता. पेपर थोर नाही हे माहीत असलं तरी त्याला मिळणारा प्रतिसाद बघून मनातून आनंद होतो, हेही त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं होतं.

भारताचं नाव यात आहे का?

आहे. हार्वर्डमध्ये फोलिन यांच्याच विभागात आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव काम करत होते. १९२५ मध्ये सायरस फिस्के आणि सुब्बाराव यांनी फॉस्फरस मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यातही द्रावण निळं होतं आणि रंगावरून प्रमाण कळतं. जैवरसायनशास्त्रात पिढ्यान्‌पिढ्या ही पद्धत वापरली गेली आणि त्या पेपरलाही हजारो सायटेशन मिळाली.

सुब्बाराव यांचं मोठं काम मात्र वेगळंच. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूच्या शोधात त्यांचा वाटा होता. पुढे लेडर्ली कंपनीत त्यांच्या नेतृत्वाखाली औषधांवर महत्त्वाचं संशोधन झालं. एटीपीचा उल्लेख आज शाळेच्या पुस्तकात असतो, पण तिथे सुब्बाराव यांच्या नावाचं सायटेशन कुणी देत नाही.

मोजण्याची ही कल्पना आली कुठून?

फिलाडेल्फियाचे युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये सायटेशनची सूची बनवण्याची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रत्यक्षात आणला. मूळ हेतू माणसांना गुण देण्याचा नव्हता. एखाद्या पेपरचा पुढे कुणी कुणी वापर केला, हे शोधणं सोपं जावं, यासाठी ती सोय होती.

२००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं एच-इंडेक्स सुचवला. हिशोब सोपा आहे. तुमच्या किमान २० पेपरना प्रत्येकी किमान २० सायटेशन असतील, पण २१ पेपरना प्रत्येकी २१ नसतील, तर तुमचा एच-इंडेक्स २०.

आता एक गंमत बघा. समजा एखाद्यानं आयुष्यात एकच पेपर लिहिला आणि त्याला ३ लाख सायटेशन मिळाली, तर त्याचा एच-इंडेक्स किती? फक्त १. दुसऱ्यानं ३० साधारण पेपर लिहिले आणि प्रत्येकाला ३० सायटेशन मिळाली, तर त्याचा ३०. दोघांपैकी मोठा कोण? एका मापानं पहिला, दुसऱ्या मापानं दुसरा.

यानं कुणाचं काय बिघडतं?

बरंच बिघडतं. नोकरी, बढती आणि संशोधनाचा निधी देताना अनेक ठिकाणी हे आकडे बघितले जातात. आणि जे काम अजून कुणाला पटलेलंच नाही, त्याचा आकडा छोटाच असतो.

कातालिन कारिको यांचं उदाहरण ताजं आहे. हंगेरीतून अमेरिकेत गेलेल्या या जैवरसायनशास्त्रज्ञ महिला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमआरएनएवर काम करत होत्या. निधी मिळेना. १९९५ मध्ये त्यांचं पद खाली आणलं गेलं. त्या थांबल्या नाहीत. २००५ मध्ये ड्र्यू वाइसमन यांच्यासोबत त्यांनी एक महत्त्वाचा पेपर छापला. एमआरएनएमध्ये एक छोटा रासायनिक बदल केला तर शरीर त्यावर तुटून पडत नाही, हे त्यात दाखवलं होतं. तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

पंधरा वर्षांनी फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्नाच्या कोविड लशी याच शोधाच्या पायावर उभ्या राहिल्या. २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आता त्या पेपरचा उल्लेख सर्वत्र होतो. पेपर मात्र तोच आहे, त्यातला एक शब्दही बदललेला नाही.

आकडा फुगवता येतो का?

येतो, आणि फार कष्टही पडत नाहीत.

२०२४ मध्ये दोन संशोधकांनी लॅरी नावाच्या एका मांजराच्या नावानं १२ निरर्थक पेपर तयार केले. त्यांना सायटेशन देणारे आणखी १२ बनावट पेपर इंटरनेटवर टाकले. थोड्याच दिवसांत गूगल स्कॉलरवर लॅरीच्या नावापुढे दिसू लागलं: सायटेशन १३२, एच-इंडेक्स ११. अशा सेवा विकत मिळतात हे दाखवण्यासाठीच हा खटाटोप होता.

त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं अस्तित्वातच नसलेल्या शास्त्रज्ञासाठी ३०० डॉलरमध्ये ५० सायटेशन विकत घेऊन दाखवली.

गंमत म्हणून हे ठीक आहे. पण याच बाजारातून पैसे घेऊन पेपर लिहून देणारे कारखाने उभे राहिलेत. २०२३ या एका वर्षात जगभरात १० हजारांहून अधिक पेपर मागे घ्यावे लागले. यात नुकसान होतं ते प्रामाणिकपणे काम करणाऱ्या विद्यार्थ्याचं. त्याची वर्षभराची मेहनत आणि दुसऱ्याचा विकत घेतलेला पेपर, दोन्ही एकाच तराजूत तोलले जातात.

पुण्याचा यात काय संबंध?

भारतात प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांमध्ये पेपरच्या संख्येला गुण मिळू लागले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलचं पेव फुटलं. २०१७ मध्ये यूजीसीनं मान्यताप्राप्त जर्नलची यादी काढली, पण तीतही असली जर्नल शिरली.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीनं आलेल्या १,००९ जर्नलची तपासणी केली. त्यातली ८८ टक्के जर्नल दर्जाच्या निकषांवर टिकली नाहीत. हा अभ्यास २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीनं ४,३०५ जर्नल यादीतून काढून टाकली.

त्यानंतर 'यूजीसी-केअर' ही नवी यादी आली. तिचं काम पुणे विद्यापीठातूनच चाललं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं ती यादीही बंद केली. जर्नलचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी आता विद्यापीठं आणि महाविद्यालयांवर आहे.

आणि ती '२ टक्के'वाली यादी?

ही यादी स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन इओनिडिस आणि सहकारी बनवतात. त्यासाठी 'स्कोपस' या माहितीसाठ्यातली आकडेवारी वापरतात. हा पुरस्कार नाही आणि स्टॅनफर्ड विद्यापीठानं केलेला गौरवही नाही. तो सायटेशनवर आधारलेला एक हिशोब आहे. त्यात सहा वेगवेगळी मापं एकत्र केली जातात. पेपरमध्ये लेखकाचं नाव पहिलं आहे की शेवटचं, हेही धरलं जातं. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळून काय चित्र दिसतं, तेही दाखवलं जातं.

त्यामुळे यादीत नाव येणं ही चांगली बातमी असू शकते. फक्त पुढच्या वेळी अशी पोस्ट दिसली, की अभिनंदन करण्याआधी चार गोष्टी बघा:

• यादी कोणती? या प्रकल्पात दोन याद्या असतात: एक संपूर्ण कारकिर्दीची, दुसरी फक्त एका वर्षाची. दोन्हींत बराच फरक आहे.

• विषय कोणता? जैवरसायनशास्त्रात पेपर आणि सायटेशन दोन्ही भरपूर असतात, गणितात कमी. दोन विषयांतल्या लोकांचे आकडे थेट ताडून बघण्यात अर्थ नाही.

• सायटेशन कुणाची? स्वतःची आणि त्याच त्या सहकाऱ्यांची, की जगभरातल्या अनोळखी संशोधकांची?

• पेपरमध्ये आहे काय? हा प्रश्न सगळ्यात सोपा, पण सगळ्यात कमी विचारला जातो. त्या संशोधकानं नेमकं काय शोधलं, हे पोस्टमध्ये एका ओळीतही लिहिलेलं नसेल, तर कमेंटमध्ये विचारायला हरकत नाही.

लाउरी यांच्या ३ लाख सायटेशनचा अर्थ एवढाच, की त्यांची पद्धत लाखो वेळा कुणाच्या तरी कामी आली. हे यश लहान नाही. पण कामी येणं वेगळं आणि थोर असणं वेगळं. १९९० मध्ये लाउरी यांनी आपल्या संशोधनाच्या आठवणी लिहिल्या, तेव्हा त्या लेखाचं शीर्षक ठेवलं होतं, 'प्रतिभावंत नसूनही संशोधनात यशस्वी कसं व्हावं'. सायटेशनच्या जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माणसानं स्वतःला असं मोजलं होतं.